सौंदर्यस्पर्धेसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि ठाणे-नवी मुंबईच्या अर्जदारांसाठी काही सूचना

फेमिना मिस इंडिया, मिस युनिव्हर्स इंडिया किंवा विवाहित महिलांसाठीच्या ‘मिसेस’ स्पर्धा यांपैकी कोणतीही स्पर्धा शासन भरवत नाही. त्या खासगी संस्थांच्या असतात आणि पात्रतेचे नियमही त्या संस्थाच ठरवतात. मात्र आपण त्या नियमांत बसतो हे सिद्ध करणारा जवळजवळ प्रत्येक कागद महापालिका, तहसील कार्यालय किंवा पासपोर्ट सेवा केंद्रातून आणावा लागतो आणि स्पर्धेच्या नोंदणीची मुदत त्या कार्यालयांच्या वेगाकडे पाहून ठरत नाही. म्हणून रॅम्पवर चालण्याच्या वर्गाला नाव घालण्याआधी कागदपत्रांची फाइल लावून घ्यावी, असा या लेखाचा आग्रह आहे.

पात्रता

फेमिना मिस इंडियाची विजेती मिस वर्ल्ड स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करते. अलीकडच्या वर्षांत या स्पर्धेसाठी अर्जदार अविवाहित असणे, तिचे वय १८ ते २५ या दरम्यान असणे आणि उंची किमान ५ फूट ३ इंच असणे अपेक्षित राहिले आहे. उंचीची अट पूर्वी ५ फूट ५ इंच होती. ती सैल झाल्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून ज्या मुलींनी हा विषय सोडून दिला असेल, त्यांनी पुन्हा नियम पाहावेत. उंची अनवाणी मोजली जाते, हेही लक्षात असू द्यावे. वय कोणत्या तारखेस मोजणार, हे त्या वर्षीच्या नियमावलीत दिलेले असते आणि पंचविशीच्या काठावर असलेल्या अर्जदाराची पात्रता त्या एका तारखेवरच ठरते.

मिस युनिव्हर्सचे नियम यापेक्षा बरेच वेगळे आहेत. त्या स्पर्धेने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना व मातांना प्रवेश दिला आणि २०२४ पासून वयाची कमाल मर्यादा काढून टाकली. किमान वय मात्र १८ वर्षेच आहे. तेव्हा तिशी ओलांडलेल्या किंवा लग्न झालेल्या इच्छुक स्त्रीला आता केवळ ‘मिसेस’ स्पर्धांचाच मार्ग उरलेला नाही. त्या मार्गाचीही आपल्या भागाला ओळख आहे. पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकर यांनी २००१ मध्ये मिसेस वर्ल्ड हा किताब मिळवला होता.

फेमिना मिस इंडिया २०१७ पासून राज्यनिहाय प्रतिनिधी निवडते. राहते घर एका राज्यात आणि मूळ गाव दुसऱ्या राज्यात अशी कुटुंबे ठाणे-नवी मुंबईत घरोघरी आहेत. त्यामुळे कोणत्या राज्यातून अर्ज करायचा, हा येथे खरा प्रश्न ठरतो. २०१९ ची विजेती आणि त्याच वर्षी लंडनमध्ये मिस वर्ल्डची दुसरी उपविजेती ठरलेली सुमन राव हिचे शालेय शिक्षण नवी मुंबईत झाले होते, पण तिने प्रतिनिधित्व केले ते राजस्थानचे. जन्म, पालकांचे मूळ राज्य किंवा वास्तव्य यांपैकी कोणता आधार ग्राह्य धरला जाईल, हे त्या वर्षीच्या नियमावलीत वाचून मगच राज्य निवडावे, कारण पुढचे कागद त्यानुसार जमवावे लागतात.

कागदपत्रे

सर्वांत आधी जन्माचा दाखला काढावा. जन्माची नोंद राहत्या ठिकाणी नव्हे, तर जेथे जन्म झाला तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत असल्याने घोडबंदर रोडवर वाढलेल्या मुलीचा दाखला कदाचित साताऱ्याच्या नगरपालिकेत किंवा रत्नागिरीतील एखाद्या ग्रामपंचायतीत निघेल, आणि त्यासाठी ठाणे महापालिकेत हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. दाखल्यावर बाळाचे नाव न घातलेले असणे ही आणखी एक नेहमीची अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्ड असे इतर पुरावेही चालतात, त्यामुळे एवढ्यावरून हताश होण्याचे कारण नाही.

नावाच्या बाबतीत मात्र ढिलाई करू नये. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डवर शेवटी, पॅन कार्डवर वडिलांचे नाव गाळलेले, आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे निराळे, असे चित्र बहुतेक घरांत दिसते. शब्दांचा क्रम बदलला तर सहसा निभावून जाते. स्पेलिंगमधील फरक मात्र पासपोर्टच्या खिडकीवर अडवला जातो. नाव खरोखरच बदललेले असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. तो अर्ज आता ऑनलाइन करता येतो.

रहिवासाचा पुरावा मागितला गेल्यास वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र उपयोगी पडते. त्यासाठी राज्यात साधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो. येथे नवी मुंबईकरांचा हमखास गोंधळ होतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात मोडतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली ही उपनगरे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतात. खारघरच्या अर्जदाराने ठाणे तालुका निवडला, तर अर्ज परत येण्यात विनाकारण दिवस जातात. शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि जुनी वीजबिले किंवा मालमत्ता कराच्या पावत्या हाताशी ठेवाव्यात.

पासपोर्ट हा या फाइलमधील सर्वांत वेळखाऊ कागद आहे. राष्ट्रीय स्तरावरील विजेतीला परदेशी जायचे असल्याने भारतीय पासपोर्टची अट घातली जाते. ठाण्याचे पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १५०० रुपये असून तत्काळसाठी आणखी २००० रुपये भरावे लागतात. भेटीची वेळ लवकर मिळाली, तरी पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते, हे वसतिगृहात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलींनी विसरू नये. नोंदणीकृत भाडेकरार नसेल, तर तो आधी करून घ्यावा.

‘मिसेस’ स्पर्धांसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल, तर सर्व कागद एकाच नावावर आणून ठेवावेत. बक्षिसाची किंवा मानधनाची रक्कम करकपात करून मिळत असल्याने पॅन कार्डही हवे.

अर्ज, छायाचित्रे आणि चाचणी फेरी

अर्ज सहसा ऑनलाइन असतो. त्यात वैयक्तिक माहिती, उंची, चेहऱ्याचे व पूर्णाकृती छायाचित्र आणि परिचयाची छोटी चित्रफीत जोडायची असते. महागड्या स्टुडिओतील पोर्टफोलिओवर खर्च करण्याची घाई करू नये. परीक्षकांना सौम्य मेकअपमधला, नैसर्गिक उजेडातला चेहरा पाहायचा असतो आणि खूप सजवलेले छायाचित्र उलट अडचणीचे ठरू शकते. परिचय मराठीत विचार करून लिहावा, मग हवा तर हिंदी किंवा इंग्रजीत बोलावा. पाठ केलेली वाक्ये दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडतात.

करार आणि शुल्क

किताब जिंकणे म्हणजे एका करारात बांधले जाणे, ही बाब घरच्यांनाही आधीच माहीत असावी. बहुतेक ठिकाणी विजेतीने ठरावीक काळ आयोजकांच्या कार्यक्रमांना प्राधान्य द्यायचे असते आणि इतर जाहिराती घेण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यायची असते. परीक्षेच्या वर्षात असलेल्या विद्यार्थिनीने हा कालावधी वाचूनच सही करावी, आणि कराराची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अज्ञान (म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली) व्यक्ती करार करू शकत नाही, म्हणून किशोरवयीन गटाच्या स्पर्धांत पालकांशीच बोलणी झाली पाहिजेत. अठरा पूर्ण न झालेल्या मुलीची एकटीची सही मागणाऱ्या आयोजकापासून दूर राहावे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारासाठीही किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र मुद्रांक शुल्क माफ आहे, तेथे कोणी स्टॅम्प पेपर विकू लागल्यास घेऊ नये.

गल्लोगल्ली ‘मिस महाराष्ट्र’ नावाच्या स्पर्धा भरतात, कारण असे नाव वापरणाऱ्यांचा धरबंध फारसा कोणी ठेवत नाही. त्या सगळ्याच खोट्या नसतात. पुष्कळ ठिकाणी मुलींना मंचाचा चांगला सराव मिळतो. परंतु ‘तुमची निवड झाली आहे’ असे सांगून पोशाख, प्रशिक्षण आणि ‘राखीव जागा’ यांच्या नावाने हप्त्याहप्त्याने पैसे मागितले जात असतील, तर आयोजक कंपनीची नोंदणी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासावी, वस्तू व सेवा कर क्रमांकासह पावती मागावी आणि रक्कम कोणाच्या वैयक्तिक खात्यात भरू नये. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवण्याची शक्यता राहते; सेवेतील त्रुटीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.