जुन्या स्टिरिओपर्यंत बिनतारी गाणं कसं पोचलं

ठाण्यातले नौपाडा, पाचपाखाडी, नवी मुंबईत वाशीचे जुने सेक्टर. जिथे जिथे इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, तिथे घर रिकामं करताना एक वस्तू हमखास भंगारात जाते: शोकेसच्या खालच्या कप्प्यातली म्युझिक सिस्टिम. कॅसेटचा पट्टा तुटलेला असतो, सीडी वाचली जात नाही, म्हणून अख्खा संच किलोच्या भावाने उचलला जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्यातला खरा मोलाचा भाग, म्हणजे अॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले स्पीकर, बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघडलेला असतो तो गाणं आत आणणारा भाग, आणि त्याला पर्याय आता काही शे रुपयांपासून मिळतो. हा पर्याय इतका स्वस्त कसा झाला आणि मधल्या काळात काय काय बंद पडलं, हे माहीत असलं तर खरेदीही शहाणपणाने होते.

सुरुवात संचाच्या पाठीमागून करावी लागेल. तिथल्या लाल-पांढऱ्या सॉकेटांची रचना १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने केली, रेडिओ आणि तबकडी एकत्र वाजवणाऱ्या रेडिओ-फोनोग्राफच्या आतल्या जोडणीसाठी. ती आजही तशीच आहे. ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असं लिहिलेल्या सॉकेटात आजचा कुठलाही रिसीव्हर, म्हणजे बिनतारी गाणं पकडून संचाला देणारी डबी, चालतो. ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट मात्र सोडून द्यावं, ते तबकडीच्या क्षीण सिग्नलसाठी असतं आणि त्यात मोबाइल जोडला तर आवाज फाटतो. जुन्या फिलिप्स संचांवर पाच भोकांचं गोल सॉकेट दिसतं. त्यासाठीही जोडकेबल मिळते.

तार टाळण्याचा पहिला स्वस्त प्रयत्न एफएम ट्रान्समीटरचा होता. मोबाइलला किंवा एमपीथ्री प्लेअरला छोटी डबी लावायची, ती एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर गाणं सोडते आणि संचातला रेडिओ ते पकडतो. मुंबईच्या आसपास एफएमची स्टेशनं वाढली तशी रिकामी जागा सापडणं अवघड झालं. खरखर काही पाठ सोडायची नाही.

ब्लूटूथची कहाणी स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू होते. तिथे १९९४ मध्ये याप हार्टसेन यांनी फोन आणि त्याच्या जोडसाहित्यामधली तार काढून टाकण्यासाठी हे काम हाती घेतलं. संगीत तेव्हा मुख्य विषय नव्हतंच. स्टिरिओ गाणं पाठवण्याची ठरलेली पद्धत २००३ च्या सुमारास आली. भारतात ब्लूटूथ आणि वायफाय जिथे चालतात तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा करणारे नियम जानेवारी २००५ मध्ये निघाले. आपल्या घरात राउटर सहज बसतो आणि बाजारात ब्लूटूथची डबी सहज मिळते, त्यामागे हा निर्णय आहे. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, पण मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भारतीय टप्पा वाटतो.

ब्लूटूथ रिसीव्हर आज सर्वांत स्वस्त आहे, मात्र त्याच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात. गाणं फोनमध्ये दाबून लहान केलं जातं आणि मग पाठवलं जातं. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात, तर ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत चांगल्या दर्जावरही साधारण ३२८. हॉलमध्ये काम करता करता ऐकायला तेवढं पुरतं. पण सगळा आवाज फोनमधूनच जातो, त्यामुळे फोन आला की गाणं थांबतं आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलात की आरसीसीच्या दोन भिंतींमागे ते तुटायला लागतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये दर मजल्यावर चार-सहा राउटर तोच पट्टा वापरत असतात, ती गर्दी वेगळीच.

वायफायची वाट वेगळी होती आणि महागही. स्लिम डिव्हायसेस या छोट्या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये संगणकावरची गाणी तारेच्या नेटवर्कवरून स्टिरिओत आणणारी पेटी काढली. २००३ मध्ये तिचं वायफाय रूप आलं, स्क्वीझबॉक्स. जून २००४ मध्ये अॅपलने एअरपोर्ट एक्स्प्रेस आणलं: भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा राउटर, त्याला हेडफोनचं सॉकेट, किंमत १२९ डॉलर. अॅपलच्या आयट्यून्स या संगणकावरच्या प्रोग्रॅममधलं गाणं दर्जा न गमावता थेट अॅम्प्लिफायरमध्ये जायचं. पण त्या डबीशी बोलण्याची भाषा अॅपलने कुलूपबंद ठेवली होती.

ते कुलूप एप्रिल २०११ मध्ये जेम्स लेर्ड या प्रोग्रॅमरने उघडलं. त्याच्या मैत्रिणीने घर बदललं आणि तिचं एअरपोर्ट एक्स्प्रेस नव्या घरातल्या वायफायशी जुळेना. त्याने डबी फोडली, आतली चिप वाचली, गुप्त किल्ली काढली आणि ‘शेअरपोर्ट’ नावाचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय संगणक आला. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि तळहाताएवढ्या सर्किटबोर्डवर घरच्या घरी तसाच रिसीव्हर बनवता येऊ लागला. पायच्या स्वतःच्या हेडफोन सॉकेटचा आवाज साधारण आहे, म्हणून वर एक छोटं डॅक कार्ड, म्हणजे डिजिटल गाण्याचा अॅम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं सर्किट, चढवावं लागतं. ज्यांना जोडाजोडीची आवड आहे त्यांना आजही मी हाच रस्ता सुचवते.

जोडाजोड नको असलेल्यांसाठी सप्टेंबर २०१५ मध्ये गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ काढलं. किंमत पुन्हा ३५ डॉलर, भारतात २०१६ मध्ये ३,३९९ रुपये. त्यातली कल्पना फार सुरेख होती. फोनने फक्त कोणतं गाणं हवं ते सांगायचं, गाणं इंटरनेटवरून ती डबी स्वतः ओढून घेते. फोन आला तरी गाणं चालू, फोन घेऊन भाजीला गेलात तरी चालू.

पण आपल्याकडे वेळ जुळली नाही. घरोघरी गाणी अजून मेमरी कार्डावर होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला, तरी घरात अमर्याद ब्रॉडबँड सगळीकडे नव्हता. अनेक सोसायट्यांत केबलवाल्याच्या इंटरनेटवरच भागायचं. मार्च २०१८ मध्ये सावन आणि जिओम्युझिक ही गाण्यांची अॅप एकत्र येणार असल्याचं जाहीर झालं, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओफायबरची घरगुती ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. आणि क्रोमकास्ट ऑडिओचं उत्पादन गूगलने जानेवारी २०१९ मध्येच थांबवलं होतं. ठाण्या-नवी मुंबईतलं मध्यमवर्गीय घर जेव्हा खरं तयार झालं, तेव्हा त्याच्या ऐपतीची सर्वांत सोपी डबी दुकानातून गेलेली होती. याची हळहळ मला अजून वाटते.

ज्यांच्याकडे ती होती त्यांना ९ मार्च २०२५ रोजी धक्का बसला. डबीच्या आत ओळख पटवणारं दहा वर्षं मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं आणि जगभरातल्या चालू डब्या एकाएकी नाकारल्या गेल्या. काही दिवसांत गूगलने दुरुस्ती पाठवली. घाईने फॅक्टरी रीसेट करणाऱ्यांचे मात्र जास्त हाल झाले. वस्तू धडधाकट, तरी बनवणाऱ्याने लक्ष काढलं की निकामी, हे तेव्हा उघड दिसलं.

स्क्वीझबॉक्सचं उलट झालं. लॉजिटेकने २००६ मध्ये ती कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये ते नाव बंद केलं आणि २०२४ मध्ये ऑनलाइन सेवाही गुंडाळली. पण संगणकावरून पेटीला गाणी पुरवणारा सर्व्हरचा प्रोग्रॅम पहिल्यापासून मुक्त होता, कुणालाही वापरता-बदलता येईल असा. वापरणाऱ्यांनीच तो सांभाळला, आता तो लिरियन म्युझिक सर्व्हर नावाने चालतो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या पेट्या अजून गाताहेत.

म्हणून आज कुणी विचारलं तर मी आधी ड्रॉवरमधला जुना मोबाइल बाहेर काढायला सांगते. बॅटरी फुगलेली नसेल, हेडफोनचं सॉकेट असेल, तर साडेतीन मिलिमीटरची पिन एका टोकाला आणि लाल-पांढऱ्या पिना दुसऱ्या टोकाला असलेली केबल घ्यायची आणि तो कायमचा संचापाशी ठेवायचा. घरच्या वायफायवर त्याच्यात गाण्यांचं अॅप किंवा डीएलएनएचं (घरच्या नेटवर्कवर एका उपकरणावरचं गाणं दुसऱ्यावर वाजवण्याची ठरलेली पद्धत) रिसीव्हर अॅप टाकलं की तो स्टिरिओचा भाग होतो. खर्च केबलचा. त्याहून नीटनेटकं हवं असेल तर विम मिनीसारखे वायफाय रिसीव्हर आहेत, परदेशात १०० डॉलरच्या आत सुरू झालेले. घेताना दुकानदाराला एवढंच विचारावं की कंपनीचं खातं न उघडता, घरच्याच नेटवर्कवरून गाणं वाजतं का.

आणि स्पीकरचं जाळीचं झाकण काढून एकदा पाहावं. आपल्या दमट हवेत वूफरभोवतीची फोमची रिंग चुरा होऊन गळते आणि लोक समजतात स्पीकरच गेला. ती रिंग बदलता येते.