चॉक डाऊन्सवरची प्रागैतिहासिक शेतं

दक्षिण इंग्लंडमध्ये विल्टशर, हॅम्पशर, डॉर्सेट, बर्कशर, ससेक्स या पट्ट्यात चॉकच्या म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या बुटक्या, गोलसर टेकड्या आहेत, त्यांना तिकडं डाऊन्स म्हणतात. या टेकड्यांच्या उतारांवर गवताखाली लहान लहान चौकोनी शेतांचं जाळं अजून ओळखू येतं आणि त्यातली बरीचशी शेतं तीन-साडेतीन हजार वर्षं जुनी आहेत. पुरातत्त्वात त्यांना ‘केल्टिक फील्ड्स’ म्हणायची पद्धत पडलीय, पण केल्ट हे नाव लोहयुगातल्या लोकांचं, त्या नावावर जाऊ नका. यातल्या बहुतेक शेतांची आखणी मध्य कांस्ययुगात, साधारण इ.स.पू. १५०० पासून सुरू झाली, लोहयुगात ती कसली जात राहिली आणि काही ठिकाणी तर रोमन काळात नव्यानं तुकडे पाडले गेले.

एकेक शेत अर्ध्या एकरापासून सव्वा एकरापर्यंत, बरंचसं चौरस. आकार असा का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण नांगर. तेव्हाचा नांगर आपल्याकडच्या देशी लाकडी नांगरासारखा, माती चिरत जाणारा पण पलटी न करणारा. एकदा उभं नांगरून भागत नाही, परत आडवं नांगरावं लागतं, आणि उभी-आडवी नांगरट करायची तर लांबलचक पट्टीपेक्षा चौकोनी तुकडा बरा पडतो. अशा नांगरटीचा पुरावाही आहे. विल्टशरमधल्या एव्हबरी गावाजवळ साऊथ स्ट्रीट नावाचा नवाश्मयुगीन लांब दफन-ढिगारा १९६० च्या दशकात खणला तेव्हा त्याच्या खाली, चॉकच्या पृष्ठभागावर, एकमेकींना छेदणाऱ्या नांगराच्या रेघा सापडल्या. ढिगारा वर रचला गेल्यामुळं त्या टिकल्या, आणि त्या या कांस्ययुगीन शेतांपेक्षाही खूप आधीच्या आहेत.

आता आज जे दिसतं ते नेमकं काय? दिसतात त्या पायऱ्या, म्हणजे लिंचेट. आपल्याकडं बांध घालावा लागतो, इथं तो बराचसा आपोआप झाला. उतारावरचं शेत वर्षानुवर्षं नांगरलं की मोकळी झालेली माती पावसानं आणि नांगराच्या ओढीनं थोडी थोडी खाली सरकते, खालच्या कडेला कुंपण, दगडांची ओळ किंवा नुसती न नांगरलेली गवताची पट्टी असली की तिथं अडून साचते, आणि त्याच वेळी वरच्या कडेला जमीन खरवडली जाऊन खाच पडते. वरच्या शेताची साचलेली माती आणि खालच्या शेताची खाच एकाच रेषेवर आली की मिळून मोठी पायरी तयार होते, काही ठिकाणी दोन-तीन मीटर उंचीची. म्हणजे लिंचेट बघून एक गोष्ट नक्की सांगता येते की इथं दोन-चार हंगाम करून माणसं निघून गेली नाहीत, पिढ्यानपिढ्या तीच हद्द पाळली गेली.

लिंचेट आडवा कापून बघितला तर आतल्या मातीत खापऱ्यांचे झिजलेले बारीक तुकडे मिळतात, घरातला केरकचरा आणि शेण उकिरड्यातून शेतात टाकायचे त्याबरोबर आलेले. तारीख ठरवायला या खापऱ्यांचा फार उपयोग होतो. दुसरा साक्षीदार म्हणजे गोगलगायी. चॉकच्या अल्कधर्मी मातीत परागकण नीट टिकत नाहीत पण गोगलगायींचे शंख टिकतात, आणि कुठली जात सावलीत राहते, कुठली उघड्या गवतात, हे माहीत असल्यामुळं थराथरातले शंख मोजून जंगल कधी तुटलं आणि नांगर कधी लागला याचा अंदाज बांधता येतो. पिकं मुख्यतः बार्ली आणि जुन्या जातींचे गहू, एमर आणि स्पेल्ट. ससेक्समधल्या इटफर्ड हिल या कांस्ययुगीन वस्तीत जळून कोळसा झालेली बार्ली मिळालीय.

शेतं लोकांना दिसत नव्हती असं नाही, मेंढपाळ रोज त्यावरून चालत होते, आणि ससेक्समध्ये एलियट कर्वेन आणि सेसिल कर्वेन या डॉक्टर बापलेकांनी लिंचेटांचा पायी फिरून अभ्यास केला होता. पण पूर्ण जाळं एका नजरेत आलं ते विमानातून. १९२२ मध्ये हॅम्पशरवर हवाई दलानं काढलेल्या फोटोंमध्ये विचित्र चौकटी दिसतात म्हणून ते ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना दाखवले गेले. क्रॉफर्ड हे ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्याचे पहिले पुरातत्त्व अधिकारी, पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेले, त्यामुळं बघताक्षणी त्यांना कळलं की जमिनीवर तुकड्या-तुकड्यानं शोधत होतो ते इथं सगळं एकत्र आहे. १९२३ मध्ये त्यांनी हे जाहीर मांडलं आणि ‘केल्टिक फील्ड्स’ हे नावही त्यांच्याचमुळं रूढ झालं. पुढच्या वर्षी मार्मलेडच्या (संत्र्याच्या मुरंब्याच्या) धंद्याचे वारसदार अलेक्झांडर कीलर यांच्या पैशानं दोघांनी मुद्दाम विमान घेऊन या भागाचे फोटो काढले. मराठी वाचकासाठी गंमत अशी की या क्रॉफर्ड साहेबांचा जन्म १८८६ चा, मुंबईत ब्रीच कँडीचा, वडील ठाण्याला न्यायाधीश होते. आई लगेच वारली आणि तीन महिन्यांचं पोर आत्यांनी वाढवायला इंग्लंडला गेलं.

फोटोत शेतं दोन प्रकारे दिसतात. गवताळ जमिनीवर सूर्य खाली असताना लिंचेटच्या सावल्या पडतात. नांगरलेल्या जमिनीवर मात्र उंचवटा गेलेला असतो, राहतात ते नुसते रंग, म्हणजे चॉक वर आलाय तिथं पांढरट पट्टा आणि माती खोल आहे तिथं गडद.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो इथं. उरलेली शेतं बहुतेक उंच, पातळ मातीच्या टेकड्यांवर आहेत म्हणून पूर्वी लोक फक्त टेकड्यांवरच शेती करायचे असं वाटतं, पण ते तसं नाही, खालच्या चांगल्या जमिनी नंतरच्या लोकांनी पुन्हा पुन्हा नांगरल्या म्हणून तिथल्या खुणा पुसल्या गेल्या. टेकड्यांवर शेती थांबली, मेंढ्या आल्या, आणि शेकडो वर्षं मेंढ्यांनी कुरतडलेलं घट्ट गवत झाकणासारखं बसून राहिलं. तिथंही सगळीकडं वाचलं नाही, फायफील्ड डाऊनवर काही जुन्या शेतांवरून मध्ययुगीन नांगरटीच्या लांब सरी गेलेल्या दिसतात. खरा फटका दुसऱ्या महायुद्धात बसला, धान्य पाहिजे म्हणून कुरणं नांगरायला घेतली, आणि युद्धानंतर ट्रॅक्टर, खतं आणि अनुदान यांनी उरलेलं काम केलं. तीन हजार वर्षं टिकलेले लिंचेट थोड्याच वर्षांत सपाट झाले.

वाचलं ते विल्टशरमधल्या सॉल्जबरी प्लेन या चॉकच्या पठारावर, आणि तेही लष्करामुळं. १८९७ पासून लष्करानं तिथं जमीन घ्यायला सुरुवात केली आणि आज सुमारे ३८,००० हेक्टर सरावक्षेत्र आहे. रणगाडे, तोफगोळे यांनी नुकसान झालंच, १९४३ मध्ये इंबर गावच्या लोकांना घरं सोडावी लागली ती परत मिळालीच नाहीत, पण बऱ्याच भागात नांगर शिरला नाही. त्यामुळं तिथं मैलोनमैल शेतांच्या समांतर रेषा टेकडीचा चढउतार न जुमानता सरळ गेलेल्या दिसतात, बऱ्याच ईशान्य-नैऋत्य दिशेच्या. ज्यानं त्यानं आपापला तुकडा फोडला असता तर असं झालं नसतं, कुणीतरी आधी मोठी आखणी केली होती हे मानावंच लागतं, मग तो एखादा सरदार असो की गावकी. पुढं कांस्ययुगाच्या शेवटी काही ठिकाणी याच शेतांमधून लांबलचक चर खणले गेले, चालू शेतं बेधडक कापत. जमिनीचा वापर बदलला, गुराढोरांना महत्त्व आलं अशी त्याची एक संगती लावली जाते, ती मला पटते. हल्ली तिथला उपद्रव म्हणजे बॅजर नावाचा बिळं करणारा प्राणी, त्याला भुसभुशीत उंचवटे फार आवडतात आणि इंग्लंडात त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

प्रयोगाची बाजूही आहे. हॅम्पशरमध्ये १९७२ मध्ये बट्सर एन्शंट फार्म सुरू झालं, तिथं पीटर रेनल्ड्स यांनी लाकडी नांगराला लहान चणीची डेक्स्टर जातीची गुरं जुंपून एमर-स्पेल्ट पिकवून बघितलं. प्राचीन शेतकरी कसाबसा पोट भरत असेल ही समजूत त्या उत्पन्नामुळं बरीच ढिली झाली.

अलीकडची मोठी भर लायडारची, म्हणजे विमानातून लेसर टाकून झाडांखालची जमीन मोजण्याची. २०१४ मध्ये साऊथ डाऊन्स या ससेक्स-हॅम्पशरमधल्या टेकड्यांच्या जंगलपट्ट्यावर हे केलं तेव्हा पुरातन म्हणून जपलेल्या झाडीखाली प्रचंड पसरलेली शेतं निघाली, म्हणजे ती झाडी शेती बंद पडल्यानंतरची.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर विल्टशरमधलं फायफील्ड डाऊन, ओव्हरटन डाऊन आणि बार्बरी कॅसल किल्ल्याशेजारचं बर्डरॉप डाऊन सोयीचं. हिवाळ्यात, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावं, भर दुपारी उन्हाळ्यात गेलात तर नुसतं गवत दिसेल.