मांजराला द्यायचं ते काळीज नव्हे, दिल

२०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडल्याची बातमी आली. मी लातूरला राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. बातमी वाचून शेजारच्या काकूंनी मला दारातच गाठलं. त्यांच्या राणी नावाच्या मांजरीला कान आणि मानेला सारखी खाज, खाजवून खाजवून केस गेलेले. कच्चं मांस दिलं की मांजराची अ‍ॅलर्जी जाते, असं कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. म्हणून महिनाभर त्या तिला कच्चं बोनलेस चिकन आणून देत होत्या. खाज होती तिथेच होती, खर्च मात्र वाढला होता, आणि त्यात ही बातमी. "सर, आता हिला घालू काय?"

मांजर निसर्गात कच्चंच खातं, हे खरं आहे. पण ते उंदीर खातं, आणि उंदीर अख्खा खातं: हृदय, यकृत, आतडी, हाडं, सगळं. कोंबडीच्या छातीचा पांढरा, स्वच्छ तुकडा म्हणजे त्या उंदराचा एक कोपरा फक्त. उंदराच्या जेवणात ज्याला महत्त्व आहे ते कच्चेपण नाही. ते आहे टॉरिन नावाचं एक छोटंसं द्रव्य, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

टॉरिन पहिल्यांदा वेगळं केलं ते १८२७ साली, टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी, बैलाच्या पित्तातून. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, त्यावरून हे नाव. अमिनो आम्लांच्या भावकीतलंच, पण प्रथिनांच्या साखळीत ते कधी ओवलं जात नाही. पेशीत सुटंच राहतं. सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून दोन विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने बहुतेक सस्तन प्राण्यांचं शरीर ते तयार करतं. मांजरात ही दोन्ही विकरं फार मंद आहेत. सिस्टीन दुसऱ्याच रासायनिक वाटेने निघून जातं आणि टॉरिन जेमतेम बनतं.

नुसतं उत्पादन कमी असतं तरी भागलं असतं. खरी अडचण खर्चाच्या बाजूला आहे. चरबी पचवण्यासाठी यकृत पित्ताम्लं आतड्यात सोडतं. ती पाण्यात नीट मिसळावीत म्हणून त्यांना आधी एखादा छोटा रेणू जोडावा लागतो. माणसाकडे यासाठी दोन पर्याय आहेत, ग्लायसिन आणि टॉरिन. टॉरिन कमी पडलं तर आपलं यकृत ग्लायसिनवर काम चालवतं. मांजराला ती सोय नाही. टॉरिन संपत आलं तरी ते टॉरिनच जोडत राहतं. बरीचशी पित्ताम्लं आतड्यातून परत शोषली जातात, पण प्रत्येक फेरीत थोडं टॉरिन विष्ठेतून जातं आणि थोडं आतड्यातले जिवाणू फस्त करतात. वर नळाला बारीक धार आणि खाली हौदाला कायमची गळती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या आम्हा लातूरकरांना हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

टॉरिन विशेष भरपूर लागतं ते डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, आणि हृदयाच्या स्नायूला. दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांचा दृष्टिपटल झिजतो आणि त्यामागे टॉरिनची कमतरता आहे, हे १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. १९८७ साली त्याच नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हृदय फुगून निकामी होत चाललेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं आणि ते दिल्यावर हृदय पुन्हा सुधारलं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो आजार फार विरळ झाला. हृदय सावरतं, पण झिजलेला दृष्टिपटल परत येत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं दूध-भाकरीवर वाढलेलं मांजर भिंतीला धडकायला लागलं की दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळलेल्या मी पाहिल्या आहेत. घर शाकाहारी असेल तर त्याचा मला आदर आहे. पण ते व्रत मांजराच्या यकृताला पेलत नाही.

आता पैशांचं. जो स्नायू सतत राबतो त्यात टॉरिन जास्त असतं. कोंबडीच्या मांडीच्या लालसर मांसात ते छातीच्या मांसापेक्षा कित्येक पट आहे, आणि हृदयात तर भरपूर. म्हणजे काकू ज्याला सर्वात जास्त पैसे मोजत होत्या, त्याच बोनलेसमध्ये टॉरिन सर्वात कमी! दुकानात मागताना मात्र एक घोळ होतो. मराठीत काळीज हृदयालाही म्हणतात, पण मटणवाल्याकडे काळीज मागितलं की कलेजी, म्हणजे यकृत पदरात पडतं. हृदय हवं असेल तर 'दिल' मागायचं. रोजच्या मांसात साधारण दहावा हिस्सा दिल असावं. कलेजी विसाव्या हिश्शापुढे नको, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मांजराचे मणके एकमेकांना चिकटू लागतात.

शिजवावं का? हो. उष्णतेने टॉरिन फारसं मोडत नाही, ते उकळत्या पाण्यात उतरतं. म्हणून थोड्या पाण्यात शिजवायचं आणि तेच पाणी ताटलीत ओतायचं. बर्ड फ्लूचा विषाणू आणि पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू दोन्ही नीट शिजवल्यावर मरतात. फ्रीजरमध्ये साल्मोनेला मरत नाही, आणि आपल्याकडच्या भारनियमनात फ्रीजरचा भरवसा तरी काय? मीठ, कांदा, लसूण अजिबात नको; कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, तेही नको. पण हाड काढलं की कॅल्शियम गेलं, आणि नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडं खरोखर मोडतात. अर्धा किलो मांसाला अर्धा चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड, इतकं गणित पुरतं. बाकी जीवनसत्त्वांचा हिशोब पशुवैद्यकाकडून करून घ्यावा. उदगीर आणि परभणी, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

राहिली अ‍ॅलर्जी. दुधाने मांजराला जुलाब होतात ती अ‍ॅलर्जी नव्हे; मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही इतकंच. अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. मांजरात बहुतेक वेळा ते प्रथिन गोमांसाचं, माशांचं किंवा कोंबडीचं असतं. कोंबडी कच्ची असो की शिजलेली, प्रथिन कोंबडीचंच. म्हणून राणीची खाज हटली नाही. रक्ततपासणीवर यात विसंबता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच: आठ आठवडे असं एकच मांस द्यायचं जे तिने पूर्वी खाल्लेलं नाही, आणि मग जुनं पुन्हा देऊन बघायचं.

राणीसाठी बोकड ठरला. मटण महाग, पण दिल आणि फेफसं परवडणारं. कवचाऐवजी डॉक्टरांनी कॅल्शियम कार्बोनेटची पूड दिली, कारण अंडंही कोंबडीचंच. सगळ्यात अवघड गेलं ते गल्लीला सांगणं. राणी चार घरी जेवणारी! काकूंनी चारही घरी जाऊन हात जोडले, आठ आठवडे हिला काही घालू नका म्हणून. सातव्या आठवड्यात कानामागे बारीक लव दिसू लागली. आठ आठवडे भरल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून शिजवलेलं चिकन पुन्हा सुरू केलं, आणि चौथ्या दिवशी तिचा पंजा कानाकडे गेला. चिकन त्याच दिवशी बंद झालं. आता रविवारी सकाळी मटणाच्या दुकानातला पोरगा काकूंना लांबून बघूनच दोन दिलं बाजूला काढून ठेवतो.