चार वावरं, एक सालगडी: व्हर्च्युअल मशीन एसएसडीवर कसं आलं
लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात लिनक्स, नेटवर्किंग शिकणारी पोरं आज एकाच लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे संगणक, सहज चालवतात. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही हेच करायला बसायचो तेव्हा पहिलं व्हीएम सुरू होईपर्यंत टपरीवर चहा पिऊन यायचो आणि दुसरं चालू केलं की माऊसही हलेना. खापर रॅमवर फुटायचं. रॅम वाढवली की थोडा फरक पडायचा, पण दुखणं वेगळंच होतं.

व्हीएमची कल्पना चांगली जुनी आहे. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० ही प्रणाली वापरात आली आणि एका मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य सामायिक संगणकावर, अनेक जण आपापलं ‘स्वतंत्र’ यंत्र वापरू लागले. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आलं. आपल्या टेबलावरच्या पीसीला मात्र ते जमेना. त्याच्या प्रोसेसरचे काही आदेश व्हीएमच्या आतून दिले की निमूटपणे भलताच परिणाम द्यायचे. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये असे आदेश चालता चालता बदलून घ्यायची युक्ती काढली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली. २००७ च्या सुरुवातीला व्हीएम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स मुक्त झालं, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला झाला, आणि त्याच कामाचं केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात शिरलं. प्रोसेसरचा प्रश्न मिटला. राहिली डिस्क.

हार्ड डिस्कमधली मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. शिवाय वाचणाऱ्या हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. म्हणून विखुरलेल्या जागांवरची माहिती मागितली तर सेकंदाला जेमतेम शंभरेक मागण्या पुऱ्या होतात. सलग एकच मोठी फाइल वाचायची असेल तर हीच डिस्क बरी पळते. पण प्रत्येक व्हीएमला वाटतं डिस्क आपल्या एकट्याची आहे. खरं तर ती मूळ यंत्रावरची एक भली मोठी फाइल असते. तीन व्हीएमनी आपापल्या परीने सलग वाचायला घेतलं तरी डिस्कपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा गोपाळकाला झालेला असतो. गावाच्या चार दिशांना चार वावरं, सालगडी एकच, आणि दर ओळीला वावर बदलायला सांगायचं. त्याचा दिवस नांगरण्यात नाही, चालण्यात जाणार.

एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, हे चालणंच उरलं नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ मध्ये नँड फ्लॅश ही त्यासाठी लागणारी चिप मांडली. १९९१ मध्ये सॅनडिस्कची २० एमबीची एसएसडी आली, पण किमतीमुळे ती सामान्यांच्या हाताबाहेरच राहिली. २००८ मध्ये इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम आली, तिथून घरगुती संगणकावर विखुरलेलं वाचन सेकंदाला हजारोंच्या हिशेबात गेलं. २०११ च्या एनव्हीएमई या एसएसडीशी बोलायच्या नव्या पद्धतीने मागण्यांच्या रांगाही वाढवल्या. जुन्या एएचसीआय पद्धतीत ३२ मागण्यांची एकच रांग होती, नव्या पद्धतीत हजारो रांगा शक्य झाल्या. अनेक व्हीएमच्या गर्दीला हे नेमकं मानवलं.

फ्लॅशच्या आपल्या खोडी आहेतच. लिहिताना ती पानापानाने लिहिते, पुसताना मात्र पुष्कळ पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसते. त्यामुळे कोणती जागा मोकळी झाली हे तिला आधी कळावं लागतं. त्यासाठी ट्रिम हा आदेश आला, विंडोज ७ ने तो २००९ पासून पाठवायला सुरुवात केली. पण व्हीएमच्या आत फाइल पुसली तर तो निरोप बाहेरच्या एसएसडीपर्यंत आपोआप पोहोचेलच असं नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी डिस्कच्या सेटिंगमध्ये ती एसएसडी असल्याची खूण आपण करायची असते. ती न केल्यास आतल्या विंडोजला वाटतं आपण तबकडीवरच आहोत आणि तो ठरल्या वेळी डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावायचं काम, करत बसतो. त्यातून कामाचं काही निघत नाही, उलट एसएसडीवर फुकटचं लिखाण होतं आणि वाढत्या आकाराची डिस्क-फाइल फुगते. वर्गात हे क्वचितच कुणी सांगतं.

भारनियमनाच्या काळात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर चालू व्हीएमची फाइल बिघडणं आमच्याकडे नवलाचं नव्हतं. एसएसडीने ते संकट टळलं असं समजू नये. स्वस्त एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात. त्यामुळे जुन्या डेस्कटॉपमध्ये आम्ही एसएसडी बसवली ती व्हीएमसाठी, आणि काढलेली हार्ड डिस्क बाजूला लावली ती त्याच व्हीएमच्या बॅकअपसाठी.