सिराक्यूज १९५५ आणि एनट्री १९५७: टोनी ब्रुक्सचे दोन वेगळे विजय

‘ब्रिटिश गाडीतून ब्रिटिश चालकाचा पहिला ग्रां प्री विजय’ हे बिरुद कुणी १९५५ च्या सिराक्यूजच्या शर्यतीला लावतं, कुणी १९५७ च्या एनट्रीच्या. दोन्ही ठिकाणी टोनी ब्रुक्स हाच ब्रिटिश चालक असल्याने घोळ मिटत नाही.

इंग्लंडमधल्या एनट्रीची शर्यत रेसिंगप्रेमींना पाठ असते. ब्रुक्सचा ब्रिटिश संघसहकारी स्टर्लिंग मॉस याच्या व्हॅनवॉल या ब्रिटिश गाडीचं इंजिन बिघडलं, त्याने शर्यतीतच ब्रुक्सची व्हॅनवॉल घेतली आणि नवव्या क्रमांकावरून येऊन ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. सिराक्यूज मात्र सिसिलीत, ऑक्टोबर १९५५ मध्ये झाली. दंतवैद्यकाचा विद्यार्थी असलेला २३ वर्षांचा ब्रुक्स त्याआधी फॉर्म्युला वन गाडीत कधी बसलाही नव्हता. तरी त्याने कनॉट या ब्रिटिश गाडीतून मासेराती या इटालियन कंपनीच्या संघाला सरळ हरवलं.

खरी मेख पुढे आहे. १९५० पासून जागतिक अजिंक्यपदाचे गुण मोजक्याच शर्यतींना मिळत. १९५५ मध्ये अशा शर्यती होत्या फक्त सात. बाकी कितीतरी शर्यती त्याच नियमांनी, त्याच गाड्यांनी होत आणि त्यांनाही ‘ग्रां प्री’च म्हणत. बक्षिसाची रक्कम मिळे, गुण नाहीत. सिराक्यूज त्यातली. आपल्याकडे कॉमनवेल्थ संघाविरुद्धच्या अनधिकृत कसोटी जशा खेळल्या गेल्या, पण खेळाडूच्या कसोटी धावांत धरल्या गेल्या नाहीत, तसंच हे. म्हणून अजिंक्यपदाच्या शर्यतीत ब्रिटिश गाडी पहिल्यांदा जिंकली ती १९५७ मध्येच.

आणि सिराक्यूजला नुसतं ‘पहिला’ म्हणणंही चूक. ब्रिटिश चालक हेन्री सेग्रेव्हने सनबीम ही ब्रिटिश गाडी चालवून १९२३ मध्ये फ्रेंच आणि १९२४ मध्ये सॅन सेबास्टियनची ग्रां प्री जिंकली होती. त्यानंतरचा पहिला, एवढंच म्हणावं. पण गुण नाहीत म्हणून सिराक्यूजला ‘किरकोळ शर्यत’ म्हणणारे मला अजिबात पटत नाहीत. चालक म्हणून ब्रुक्सची कामगिरी तिथे एनट्रीपेक्षा मोठी होती, असं माझं ठाम मत आहे.

एनट्रीचा विजय एकट्या मॉसच्या खात्यात टाकणं हे त्याहून वाईट. ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत झालेल्या अपघातातल्या जखमा भरल्या नसतानाही ब्रुक्सने ती गाडी सुस्थितीत ठेवून मॉसच्या हाती दिली. तेव्हाच्या नियमानुसार विजयाचे आठ गुण वाटून दोघांना चार-चार मिळाले आणि विजय दोघांच्याही नावावर लागला.

ब्रुक्सचे विजय मोजताना कुणी सिराक्यूज धरून सात सांगतं, कुणी एनट्री वगळून पाच. अजिंक्यपदाच्या शर्यतींतले त्याचे विजय सहा: १९५७ ची एनट्री, १९५८ मध्ये स्पा, न्युर्बुर्गरिंग आणि मोंझा, १९५९ मध्ये फेरारीतून रॅंस आणि बर्लिनची आवुस. सिराक्यूज या सहांच्या बाहेर.