संपत्ती विषमता आणि सार्वजनिक शिक्षण

जमीन, घरे, समभाग, ठेवी अशा मालमत्तेतून कर्जे वजा जाता उरणाऱ्या मूल्याच्या समाजातील असमान वाटणीस संपत्ती विषमता म्हणतात. संपत्ती साठत जाते आणि वारशाने पुढच्या पिढीकडे जाते, त्यामुळे ही विषमता उत्पन्नातील विषमतेहून सामान्यतः तीव्र असते. ती मोजण्यासाठी इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जीनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला गुणांक वापरला जातो.

शाळांचा खर्च जेथे स्थानिक मालमत्ता करातून भागतो, तेथे तिचा शिक्षणावरील परिणाम थेट दिसतो. अमेरिकेतील टेक्सस राज्यात, सॅन अँटोनियो येथील एजवुड या गरीब शालेय विभागात १९६७-६८ मध्ये दर १०० डॉलर मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता; तरीही राज्याच्या शालेय निधी योजनेतील ठरलेला वाटा भरल्यावर त्यातून विद्यार्थ्यामागे २६ डॉलरच उरत. त्याच शहरातील सधन अलामो हाइट्स विभाग केवळ ८५ सेंट दराने ३३३ डॉलर उभे करी. कमी मोलाची घरे असलेल्यांनी अधिक दराने कर भरायचा आणि शाळा मात्र हलक्या दर्जाच्या पत्करायच्या, असा हा उफराटा हिशेब होता. पालकांनी न्यायालयात दाद मागितली. परंतु शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही, असे म्हणत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ती फेटाळली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी भिन्नमत नोंदवले. पुढे १९८९ मध्ये टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या स्वतंत्र घटनेच्या आधारे ही व्यवस्था एकमताने अवैध ठरवली आणि १९९३ च्या कायद्याने संपन्न विभागांच्या महसुलाचा काही भाग इतरांकडे वळवला. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणाऱ्या दंतकथेतील नायकावरून पडलेल्या ‘रॉबिन हूड योजना’ या लोकप्रिय नावात समर्थकांचे कौतुक होते, तसाच विरोधकांचा उपहासही.

संपत्तीच्या राजकारणावरील प्रभावाची चर्चा बहुधा निवडणूक निधीपुरती मर्यादित राहते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये उमेदवारांच्या खर्चावरील मर्यादा आणि २०१० मध्ये कंपन्या व कामगार संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंदी रद्द केल्याने ती स्वाभाविकही आहे. शिक्षणाच्या बाबतीत मात्र सधनांचे निघून जाणे अधिक परिणामकारक ठरते. त्यांची मुले खाजगी शाळांत गेली की सार्वजनिक शाळेच्या गळक्या छताबद्दल किंवा रिकाम्या शिक्षकपदांबद्दल अधिकाऱ्यांना जाब विचारू शकणारे, ओळखीपाळखीचे पालक उरत नाहीत. करवाढीला मत देण्याचे सधनांचे कारणही संपते. खर्च केंद्रीय तिजोरीतून होत असला, तरी प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरत असल्यास चांगल्या शाळेभोवतालच्या घरांच्या किमती चढतात आणि शाळेचे शुल्क घराच्या किमतीतून वसूल होते.