नदी जमिनीखाली, आगगाडी वरून

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना; तिथून निघालेली गाडी दीड-पावणेदोन तासांत दिवाचाला पोचते. स्टेशन साधंच. उतरणाऱ्यांत पाठीला सॅक लावलेले बरेच जण दिसतात आणि बहुतेकांना एकाच ठिकाणी जायचं असतं: श्कोत्सियानच्या गुहांकडे. तीनएक किलोमीटरची पायवाट आहे, जागोजागी पाट्या आहेत, पाऊण तासात माणूस पोचतो. स्लोव्हेनियात भटकायला मोटार हवीच असं सांगणारे भेटतात. या भागापुरतं तरी ते खरं नाही.

या पाऊण तासात सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला काहीतरी खटकायला लागतं. झाडी आहे, गवत आहे, रचलेल्या दगडांचे बांध आहेत. पाऊसही इथे वर्षाला साधारण 1400 मिलिमीटर पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळपास दुप्पट. तरी वाटेत एक ओढा आडवा येत नाही. ओहोळ नाही, मोरी नाही, पावसाळी नाल्याची कोरडी खूणसुद्धा नाही. मग एवढं पाणी जातं कुठे?

ते खाली जातं. इथला खडक चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी हवेतला थोडा आणि मातीतला पुष्कळ कार्बन डायऑक्साइड घेतं (मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात, त्यामुळे मातीत तो हवेच्या कितीतरी पट असतो) आणि किंचित आंबट होतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच आम्ल, फक्त फार सौम्य. चुनखडी या आम्लात विरघळते. भेगेत शिरलेलं पाणी भेग रुंद करतं, रुंद भेगेत जास्त पाणी शिरतं, आणि लाखो वर्षांनी वरचं पाणी अडवायला जमीनच उरत नाही. उलटी क्रियाही चालते: गुहेच्या छताला लटकलेल्या थेंबातून वायू उडून गेला की चुना मागे राहतो आणि त्याची लोंबती झुंबरं होतात. बोअरचं पाणी तापवणाऱ्या गीझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्यांचा जवळचा नातलग. तिथे उष्णतेने वायू पळतो, इथे तो गुहेच्या हवेत निघून जातो, एवढाच फरक.

आपल्या काळ्या पाषाणाचं असं होत नाही. बेसाल्ट विरघळून पोकळ होत नाही, म्हणूनच गडावर खोदलेल्या टाक्यात पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं आणि म्हणूनच अजिंठा-वेरूळची लेणी छिन्नीने कोरावी लागली. वयाचाही फरक आहे. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा; दिवाचाभोवतालची बरीचशी चुनखडी त्याच्याही आधी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचली. जवळच्या लिपित्साच्या खाणीतल्या दगडात शिंगांच्या आकाराचे शिंपले कापलेले दिसतात. इथल्या घरांच्या पायऱ्यांवर थोडं वाकून पाहिलं तरी सापडतात.

या पठाराला स्थानिक लोक ‘क्रास’ म्हणतात. जर्मन भाषेत त्याचं ‘कार्स्ट’ झालं आणि पुढे जगभरच्या अशा भूमीला तेच नाव पडलं. सर्बियन भूगोलतज्ज्ञ योव्हान त्स्वियिच यांच्या 1893 सालच्या प्रबंधाने ते शास्त्रात पक्कं केलं. त्याबरोबर इथले साधे शब्दही परिभाषा होऊन बसले. जमिनीतल्या बशीसारख्या खळग्याला भूशास्त्रज्ञ ‘डोलिना’ म्हणतात. स्लोव्हेनियन शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, डोलिना म्हणजे दरी, त्यात विशेष काय?

पाटीच्या मागे जात आपण कड्यावरच्या सज्जाशी येतो आणि समोर जमीन संपते. खाली वेलिका डोलिना, म्हणजे ‘मोठी दरी’: 165 मीटर खोल. कधीकाळी ही गुहाच होती, छत कोसळून उघडी पडली. तळाशी पाण्याचा आवाज येतो. ती रेका. स्लोव्हेनियन भाषेत रेका म्हणजेच नदी, तेव्हा ‘रेका नदी’ म्हणणं ‘नदी नदी’ म्हणण्यासारखं आहे. पण करणार काय.

ही नदी पन्नासेक किलोमीटर अगदी सभ्यपणे उघड्यावर वाहत येते, कारण तोवर तिच्या पात्राखाली वाळूखडक आणि चिखलखडकाचे थर असतात आणि त्यांतून पाणी झिरपत नाही. चुनखडी लागते आणि तिचं चित्त ठिकाणावर राहत नाही. काही किलोमीटर खोल घळ कापत येते, श्कोत्सियान गावाच्या पायाखाली शिरते, दोन विवरांच्या तळाशी क्षणभर उजेड पाहते आणि डोंगरात गडप होते.

गुहेची फेरी मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते. आत बारा अंशांच्या आसपास तापमान, म्हणजे स्वेटर हवाच. आधी शांत, कोरडी दालनं लागतात. मग एका वळणावर दुरून घरघर ऐकू येते, छत वर वर जात नाहीसं होतं, आणि आपण नदीपासून पंचेचाळीसेक मीटर उंच असलेल्या अरुंद पुलावर उभे असतो. याच पाण्याच्या वाटेवर पुढे, पर्यटकांना नेत नाहीत अशा जागी, मार्टेल दालन आहे: सुमारे 146 मीटर उंच. दौलताबादचा चांद मिनार 64 मीटरच्या आसपास. एकावर एक दोन ठेवले तरी वर जागा उरेल. पुढची वाट मात्र चिंचोळी आहे, त्यामुळे मोठ्या पुरात पाणी तुंबतं. 1965 साली ते गुहेत शंभर मीटरहून जास्त चढलं होतं.

फेरी संपते ती वेलिका डोलिनाच्या तळाशी, आणि तिथे घाई करू नये. थंड हवा जड असते, ती विवरात साचून राहते. म्हणून डोंगर चढताना वर जी थंडी वाढते ती इथे खाली उतरताना वाढते. आल्प्समधली प्रिम्युला, थंड डोंगरातलं एक फुलझाड, इथे सावलीच्या कपारीत टिकून आहे. आणि तिच्याच शेजारपाजारी, गुहेच्या उबेला, एक उष्णप्रेमी नेचा: काळ्या तारेसारखे देठ, पंख्यासारखी नाजूक पानं. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या ओल्या भिंतींवर दिसणाऱ्या हंसराजाचा हा सख्खा भाऊ. एवढ्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटतं.

गडप झालेली रेका पुढे कुठे जाते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात निव्वळ कुतूहलाचा नव्हता. पठाराखाली समुद्रकाठी त्रिएस्ते हे ऑस्ट्रियाचं मोठं बंदर वाढत होतं आणि त्याला पाणी पुरत नव्हतं. अंतोन लिंडनर नावाच्या माणसाने डोकं लढवलं: जोरदार पावसानंतर काही भेगांतून वारा फुसफुसत बाहेर येतो, म्हणजे खाली पाणी चढतंय आणि हवा ढकलली जातेय. अशाच एका भेगेपाशी त्याने खाणकामगार लावून महिनोन्महिने वाट फोडली. 1841 च्या एप्रिलमध्ये माणसं 329 मीटर खाली खरोखरच वाहत्या नदीशी पोचली. जगातली त्या वेळची सर्वांत खोल ज्ञात गुहा! पण नदी समुद्रसपाटीच्या जेमतेम वर होती, आणि इतकं पाणी तीनशे मीटर वर खेचणं तेव्हा परवडणारं नव्हतं. लिंडनर त्याच वर्षी वारला.

सोळा वर्षांनी, 1857 मध्ये, व्हिएन्ना ते त्रिएस्ते लोहमार्ग पुरा झाला. तोच आजही आपल्याला दिवाचाला आणून सोडतो. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, आणि हे पठार वरून कोरडं. रूळ नदीच्या डोक्यावरून जात होते आणि इंजिनासाठी पाणी दुरून आणावं लागत होतं.

रेका शेवटी बाहेर येते इटलीत, सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, दुइनोजवळ. तिथे तिचं नाव तिमावो. झाडांखालून हिरवट, थंड पाणी उकळ्यांसारखं वर येतं आणि दोनेक किलोमीटरवर समुद्राला मिळतं. दोन्ही टोकं एकाच नदीची, हे सिद्ध करायला विसाव्या शतकात पाण्यात लिथियमची संयुगं आणि रंगद्रव्यं सोडली गेली. एकदा तर खुणा केलेले ईल मासे वर सोडले आणि त्यांतले काही खाली तिमावोत सापडले. मला हा प्रयोग सगळ्यांत आवडतो. ईल समुद्राकडे जाणारा मासा. त्याला अंधारातही वाट विचारावी लागली नसणार.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर याच रेल्वेमार्गावर, ल्युब्लियानाच्या बाजूला, राकेकला उतरावं. तिथून थोडं चाललं की राकोव श्कोत्सियान लागतं. नाव तसंच, जागा वेगळी. कोसळलेल्या गुहेचे उरलेले दोन नैसर्गिक पूल आणि त्यांखालून वाहणारी राक नदी. हीच पुढे गुहेत शिरते, दुसऱ्या नदीला मिळते, पुन्हा उगवते, पुन्हा बुडते आणि दर उगमाला नवं नाव घेत ल्युब्लियाना शहरातून ल्युब्लियानित्सा म्हणून वाहते. तिची सात नावं मोजतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाणी स्टेशनवरूनच भरून घ्यावं. वाटेत झरा मिळेल ही सह्याद्रीतली आशा इथे फोल आहे, आणि चुकून मिळालाच तरी तो पिऊ नये, कारण चुनखडीच्या नळांतून पाणी न गाळता धावतं आणि कुठल्यातरी दूरच्या गोठ्याचं सांडपाणीही सोबत आणतं. आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा परतीची गाडी आधी पाहून ठेवावी.

चुकलीच, तर दिवाचाच्या फलाटावर तास-दीड तास काढावा लागतो. जवळच काचना यामा, म्हणजे ‘सापांची गुहा’, आहे. तिचं तोंड म्हणजे जवळजवळ 190 मीटरची उभी विहीर. 1970 च्या दशकात गुहासंशोधक तिच्या तळापलीकडे गेले तेव्हा त्यांना तिथे रेका भेटली. म्हणजे आपण बाकावर बसून गाडीची वाट पाहत असतो तेव्हा अडीचशे मीटर खाली, याच परिसराखालून, ती त्रिएस्तेच्या दिशेने निघालेली असते.